त्या दहा घरांत पुन्हा

त्या गुरुवारी आमच्या दवाखान्यातले फार्मासिस्ट अण्णा रजेवर होते. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. लशीच्या फ्रीजची किल्ली त्यांनी आदल्या दिवशीच माझ्या हातात ठेवली आणि जाता जाता म्हणाले, "अक्का, आइसपॅकला घाम फुटू द्या तेवढा." मी हसले. नर्स होऊन मला चौदा वर्षं झाली होती. हे मला कुणी सांगायची गरज नाही, असं वाटलं.

कर्नाटकात, औराद तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी काम करते. आठवडाभर औरादला खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी बिदरला, नौबादच्या घरी जायचं, असं माझं चाललेलं असतं. गुरुवार लशीचा. एकेका गावच्या अंगणवाडीत बसायचं, तिथली आशाताई घरोघर फिरून बायांना बोलावते आणि मी लेकरांना टोचते. लस निळ्या डब्यातून न्यायची असते. डब्याच्या चारी बाजूंना बर्फाचे आइसपॅक, मधे लशीच्या बाटल्या. पण फ्रीजरमधून काढलेला दगडासारखा आइसपॅक तसाच लावायचा नाही. टेबलावर मांडून थांबायचं. बाहेरून पाणी सुटलं, हलवल्यावर आत खळखळ वाजलं, की मगच डब्यात. नाहीतर त्याला टेकलेली बाटली गोठते. पोलिओच्या थेंबांचं गोठून काही बिघडत नाही. पण दीड महिन्याच्या बाळाला पाच रोगांवरची जी एक सुई देतात, ती गोठली की गेली. वितळल्यावर वरवर बघता दिसते अगदी तशीच. टोचली तर अपायही नाही. फक्त ती लागू पडेल याचा भरवसा उरत नाही.

त्या दिवशी मला उशीर झाला होता. दारात ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, मला सोडून त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं. मी चारही आइसपॅक एकदा हलवून पाहिले. आवाज आला नाही. हे स्पष्ट सांगते, कारण पुढं कितीतरी दिवस मी स्वतःलाच बजावत होते की मी विसरले. मी विसरले नव्हते. आवाज आला नाही हे मला कळलं आणि तरीही मी झाकण लावलं. गाव येईपर्यंत वितळतील, असं म्हटलं मनाशी.

अंगणवाडीत त्या दिवशी गर्दी होती. एका बाटलीत दहा बाळांची लस असते. दहा झाली. बाराच्या सुमाराला तांड्यावरची एक बाई आली, पदराआड बाळ, पायात चप्पल नाही. मी दुसरी बाटली काढायला डब्यात हात घातला, तर ती आइसपॅकला चिकटून बसलेली. ओढली, निघाली. खिडकीच्या उजेडात धरली. आत बर्फाच्या बारीक सुया.

पहिली बाटलीही याच डब्यातली. सकाळी ती काढली तेव्हा मी नीट पाहिलीसुद्धा नव्हती. कदाचित मधे असेल, टेकली नसेल. कदाचित टेकली असेल, गोठून पुन्हा वितळली असेल. रिकामी बाटली आता काय सांगणार होती?

"लस संपली," मी त्या बाईला म्हणाले. "पुढच्या महिन्यात ये."

"इतकं उनात चालत आले की अक्का."

"संपली तर काय करू मी?"

ती बाळ सावरून परत निघाली. आशाताई माझ्या हाताकडे बघत होती. तिनं बाटली पाहिली होती. मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि आवराआवर सुरू केली. ती पाहून न पाहिल्यासारखी झाडू मारू लागली.

त्या संध्याकाळी खोलीवर मी गॅसची शेगडी घासली. मग डबे घासले. मग घासलेले डबे पुन्हा घासले. हाताला काम नसलं की ती बाटली आठवायची. सगळ्यात वाईट काय होतं सांगू का? हे कुणालाही कधीच कळणार नव्हतं. बाळं खेळतील, वाढतील. दहातल्या एखाद्याला दोन-तीन वर्षांनी घटसर्प किंवा डांग्या खोकला झालाच, तरी त्याचा माग माझ्या डब्यापर्यंत कुणी काढणार नव्हतं. मी गप्प बसले असते तरी काहीच झालं नसतं, आणि याच विचारानं मला एका जागी बसू दिलं नाही.

शुक्रवारी दुपारी फोन आला. त्या दहातल्या एका बाळाची आई. वय वीस-एकवीस, पहिलटकरीण.

"अक्का, लेकराला ताप आलाय रातीपासून."

"तापाचं औषध दिलंस का?"

"दिलं. भ्यायची गरज न्हाई ना? तुमीच सांगता की, ताप आला म्हंजे सुई लागू पडली."

ते मीच सांगायचे. बाया तापाला घाबरतात, म्हणून प्रत्येक गावात सांगायचे.

"व्हय," मी म्हणाले. "लागू पडली."

फोन ठेवल्यावर मी उभीच राहिले. गुरुवारी मी झाकण लावलं तो आळस होता, घाई होती. हे आताचं मात्र सरळ खोटं होतं, आणि ते एका पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवून विचारल्यावर मी बोलले होते.

शनिवारी बसमधून बिदरला येताना मी माझ्या स्टॉपच्या आधीच उतरले. का उतरले, कळलं नाही. उरलेलं अंतर चालत गेले. घरी नवऱ्याला सांगितलं. ते बसच्या डेपोत मेकॅनिक आहेत, कमी बोलणारे. जेवता जेवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुणी विचारलंय का तुला?"

"न्हाई."

"मग कामून सांगायलीस? आमच्यात असं कुणी आपणहून सांगितलं, तर त्याला लांबच्या डेपोला टाकतेत. पुढच्या वेळी नीट कर."

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्या काळजीनंच बोलत होते. पण मला राग आला, आणि तो राग त्यांच्यावरचा नव्हता हेही समजत होतं. रविवारी सासूबाईंबरोबर विहारात गेले. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या शीलावर आले आणि माझा आवाज बंद झाला. बाजूच्या बायांच्या सुरात ते निभावून गेलं. सासूबाईंनी मात्र वळून पाहिलं.

सोमवारी दवाखान्यात पाय ठेवला तर आत बोलाचाली चाललेली. अण्णा लग्नाहून परत आले होते. त्यांनी फ्रीजमधल्या बाटल्या मोजल्या, तर एक कमी. आमच्या डॉक्टर मॅडम वयानं लहान, म्हैसूरकडच्या, हिशेबात फार काटेकोर. त्या अण्णांना सगळ्यांसमोर विचारत होत्या. बाटली पायानं चालत गेली का, रजेवर जायच्या आधी नीट मोजल्या होत्या का? अण्णांची नोकरी संपायला दोन-तीन वर्षं राहिलेली. मान खाली घालून ते कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, की माझ्याकडूनच मोजायचं राहिलं असेल.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किल्ली माझ्याकडं होती, हे त्यांना माहीत होतं. तरी माझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

मी पर्स उघडली आणि रुमालातली बाटली टेबलावर ठेवली.

मॅडमशी माझं बोलणं कन्नडमध्येच व्हायचं. चौदा वर्षं मी ती भाषा रोज बोलत होते, पण त्या दिवशी साधे शब्द सापडेनात. मधेच मराठीत घसरले. त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. अण्णांना मीच थांबा म्हटलं.

"तुम्ही हलवून पाहिलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"पाण्याचा आवाज आला?"

"नाही."

"तरी लावले?"

"हो."

त्यांचा चेहरा लाल झाला. मी ओरडा खायची तयारी ठेवली होती, पण त्या ओरडल्या नाहीत. एक कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "आता मला सांगितलंत तसंच लिहा. 'विसरले' असं लिहू नका."

मी लिहिलं. बाहेर व्हरांड्यात अण्णा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं, ते धीराचे दोन शब्द बोलतील.

"चूक व्हतीच माणसाकडनं," ते म्हणाले. "पर चार दिस कामून थांबलाव अक्का?"

पुढचा आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

खात्री करायला मॅडमनी त्याच खेपेतली एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवायला ठेवली. मंगळवारी ती वितळवली, मग ती आणि माझी, दोन्ही हलवून टेबलावर उभ्या केल्या, बाजूला फ्रीजमधली चांगली बाटली. चांगली दुधासारखी पांढुरकी राहिली. बाकीच्या दोन्हींत तळाशी गाळ बसत गेला आणि वर पाणी निवळत गेलं. आम्ही तिघंही अर्धा तास खुर्च्या ओढून बघत बसलो. गाळ बसताना बघणं सोपं नव्हतं.

जिल्ह्याहून निरोप आला. पहिल्या बाटलीचं खात्रीनं काही सांगता येत नाही, तेव्हा त्या दहा बाळांना चार आठवड्यांनी तोच डोस पुन्हा द्यायचा. मला लेखी नोटीस मिळाली, ती माझ्या नोकरीच्या कागदांत लागली. तेही ठीक. खरी धास्ती होती ती दहा घरांची.

"वाद वाढवू नका," मॅडम म्हणाल्या. "जादा डोस आलाय म्हणून सांगा. तेही खोटं नाही."

आशाताईचंही तेच मत होतं. "अक्का, खरं सांगितलाव तर पुढल्या बारीला एक बाई यायची न्हाई. मला गावात राहायचंय."

दुसऱ्या दिवशी मी आणि आशाताई गावात घरोघर निघालो. पहिल्या घरी ती तापाची फोनवाली पोरगी. मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात एक जादा डोस आलाय. बाळाला आण."

"समद्यांच्याच लेकरांना का?"

"व्हय, समद्यांना."

तिनं लगेच मान डोलावली, वर चहा ठेवते म्हणाली. चहाला नको म्हणून मी बाहेर पडले. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि पाय पुढं जाईनात. आशाताई म्हणाली, "चला की." मी म्हणाले, "थांब." एकीकडं वाटत होतं, झालं ना काम, अशीच नऊ घरं करायची आणि संध्याकाळच्या बसनं परत. दुसरीकडं त्या पोरीशी मी दोनदा खोटं बोलले होते आणि दोन्ही वेळा तिनं ते आनंदानं घेतलं होतं.

मी परत फिरले. पोरगी अजून उंबऱ्यातच होती.

"ऐक गं. जादा डोस न्हाई. त्या दिवशी माझ्याकडनं चूक झाली. लस गोठली असंल, ती तुझ्या लेकराला लागू पडली की न्हाई, सांगता येत न्हाई. म्हणून पुन्हा द्यावी लागती."

ती बघतच राहिली. "मग ताप कशानं आला?"

"ते मला सांगता येत न्हाई."

"पर तुमी तर म्हनलाव लागू पडली."

"म्हनले. खोटं म्हनले."

आतून तिची सासू बाहेर आली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती माझ्या आईच्या वयाची बाई. "म्हंजे पानीच टोचलं का लेकराला? सुईचा मार वरनं," म्हणाली आणि बाळ उचलून आत गेली. पोरगी तिथंच उभी राहिली. मी पुढच्या घरी गेले.

नऊ घरांत मी तेच शब्द बोलले. पाचव्या घरापासून तशी गरज उरली नव्हती, बातमी माझ्या पुढं धावत होती. एकीनं विचारलं, लेकराला काही होणार तर न्हाई ना? एकीनं दार अर्धंच उघडलं. एका घरी बाळाचा बाप होता, ट्रॅक्टर चालवणारा. त्यानं मोबाईल काढला आणि माझ्यापुढं धरला. "हितं बोला. समद्या ग्रुपवर टाकतो." मी मोबाईलकडं बघून तेच बोलले. त्याची अपेक्षा मी तोंड फिरवीन अशी असावी. त्यानं टाकलं की नाही मला माहीत नाही. पण तो म्हणाला, "आमचं लेकरू तुमच्या हाताला यायचं न्हाई," आणि त्याची बायको मागून बघत राहिली.

तांड्यावरही गेले, त्या परत पाठवलेल्या बाईकडं. तिला सांगितलं, लस संपली नव्हती, गोठली होती. ती जरा विचारात पडली आणि मग हसली. "म्हंजे माझ्याच लेकराची सुई वाचली म्हना की." त्या महिन्यात मला हसू आलं ते एवढंच.

चार आठवड्यांनंतरच्या गुरुवारी मी भल्या सकाळी दवाखान्यात पोचले. आइसपॅक अण्णांनी आधीच टेबलावर मांडून ठेवले होते. मी एकेक कानाशी धरून हलवला. ते समोर बसून माझ्याकडं बघत होते. शेवटचा मी त्यांच्या कानाशी नेला. "वाजतंय," ते म्हणाले आणि डबा माझ्याकडं सरकवला. आमच्यातलं बोलणं तिथून पुन्हा नीट झालं.

अंगणवाडीत दहा वाजेपर्यंत कुणीच आलं नाही. आशाताई दारात उभी, माझ्याकडं पाठ करून. मी सुया मांडल्या, पुन्हा काढून मांडल्या. मग ती म्हातारी सासू आली, मागं सून, सुनेच्या कडेवर बाळ. म्हातारी सरळ टेबलाशी आली.

"दाखवा आधी."

मी बाटली तिच्या हातात दिली. तिला काय बघायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. उजेडात धरा, हलवा, गाळ दिसतो का बघा. आइसपॅक तिच्या हातात दिला, आतलं पाणी वाजवून दाखवलं. तिनं तो नातवाच्या कानाशीही वाजवला. मग सुनेला म्हणाली, "बस."

त्यानंतर बाया येत गेल्या आणि प्रत्येकीनं बाटली मागितली. दहातल्या आठ आल्या. नववीच्या घरी दोन दिवसांनी मी स्वतः गेले. ट्रॅक्टरवाल्याचं घर बंद होतं.

तेव्हापासून त्या गावात हे चालूच आहे. आधी बाटली दाखवायची, मग टोचायचं. सुरुवातीला मला ते फार लागायचं. चौदा वर्षांच्या कामानंतर अंगठा लावणाऱ्या बायांनी माझी तपासणी करावी! एकदा मी आशाताईकडं तसं बोलूनही गेले. ती म्हणाली, "अविश्वासानं न्हाई बघत त्या. आता त्यास्नी कळतंय म्हनून बघायल्यात." ती बरोबर असेल. तरी बाटली हातोहात फिरते तेव्हा मी अजूनही एकेकीच्या तोंडाकडं बघत बसते.

पुढल्या पावसाळ्यानंतर औरादच्या आठवडी बाजारात तो ट्रॅक्टरवाला भेटला. मी भाजी घेत होते. त्यानं आपणहून हाक मारली.

"लेकराच्या समद्या सुया उदगीरला केल्या. खाजगीत," तो म्हणाला.

"बरं केलंव." मी मनापासून म्हणाले. महिन्यामहिन्याला त्या बंद दारावरून जाताना माझा जीव कसा व्हायचा, ते त्याला ठाऊक नव्हतं.

"तुमी सांगितलं नसतं तर आमाला कळलंच नसतं."

"न्हाई कळलं असतं."

"मग कामून सांगितलाव?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी त्या तापाच्या फोनविषयी सांगायला लागले, मग अण्णांची खाली घातलेली मान आठवली, आणि कुठून सुरू करावं ते कळेना. "राहवलं न्हाई," एवढंच म्हणाले. तो पिशवी उचलून गर्दीत गेला. दुसऱ्या बाळाच्या वेळी त्याची बायको आमच्याकडं आली नाही. तेही उदगीरलाच गेले.

गेल्या महिन्यात शेजारच्या आरोग्य केंद्रातल्या नव्या नर्सचा फोन आला. नोकरीला जेमतेम वर्ष झालंय तिला. रडत होती. एका गरोदर बाईच्या कार्डावर तिनं दुसरीच्या रक्ताचा रिपोर्ट लिहिला होता आणि ते तिच्या आत्ता लक्षात आलं होतं. बाई अजून दवाखान्याच्या आवारातच होती.

"काय करू अक्का?"

आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की गुपचूप कार्ड मागून घे, खोडून नीट लिही, झालं. इतकं सगळं होऊनही मला पहिल्यांदा तेच सुचलं. पलीकडं ती वाट बघत होती.

"बाईला थांबव," मी म्हणाले. "तिच्यासमोर खोड आणि तिला वाचून दाखव. मग जाऊन डॉक्टरांना सांग. आत्ताच्या आत्ता जा. उद्या जास्त जड जातंय."

तिनं फोन ठेवला. मी तो हातात धरून अर्धा तास अंगणात येरझाऱ्या घालत होते, तिचा पुन्हा फोन येईपर्यंत. ती म्हणाली, डॉक्टर फार बोलले. त्या बाईनं मात्र कार्ड नीट घडी करून घेतलं आणि पुढची तारीख विचारून गेली.